सायरन नेसरीत, फोन पुण्यात: घरच्या अलार्मला नेटवर्क मॉड्यूल जोडताना

आजचा भाग स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टीमीटरवाला आहे. कानात हेडफोन घालून शिडीवर चढू नका, आधी पूर्ण ऐका किंवा वाचा, मग डबा उघडा. बोलण्यात आकडे भरकन निघून जातात, म्हणून हा भाग इथे नेहमीपेक्षा जरा सविस्तर लिहून ठेवतोय.

गाव नेसरी, तालुका गडहिंग्लज. बाहेरच्या माणसाला नेसरी म्हटलं की खिंड, प्रतापराव गुजर आणि २४ फेब्रुवारी १६७४ एवढं आठवतं. मला आजोळ आठवतं. मामा-मामी दोघंच तिथे राहतात, मामेभाऊ पुण्यात. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरून दोनदा पुढे गेलं आणि दोन्ही वेळा कारण एकच, महिनाभर घर बंद ठेवून जायचं कसं? आता त्या घरात अलार्म आहे बरं का. चार सेन्सर, दाराला मॅग्नेट, बाहेर सायरन, सगळं आहे. पण मामांचं म्हणणं, "वाजंल की रं, पण ऐकणार कोण? शेजारची मंडळी मुंबईला, ती येणार गणपतीत."

बरोबर आहे त्यांचं. सायरन हे मुळात शेजाऱ्यांच्या भरवशावर चालणारं यंत्र आहे. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप या माणसाने विजेवर चालणाऱ्या चोर-घंटीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. दार उघडलं की सर्किटमध्ये फरक पडतो आणि घंटा वाजते. ज्या वाड्यात, ज्या गल्लीत माणसं आहेत, तिथे हे चालतं. आपल्या गल्ल्या वर्षातले दहा महिने अर्ध्या रिकाम्या. म्हणून सायरनचा निरोप गावाबाहेर पोचवायचा, तर मध्ये नेटवर्क मॉड्यूल लागतं.

मॉड्यूल म्हणजे दुभाषा. अलार्मचं पॅनेल आपल्या कीपॅडशी स्वतःच्या भाषेत बोलत असतं, 'झोन तीन उघडला', 'लाइट गेली', 'बॅटरी उतरली'. हे मॉड्यूल त्या गप्पा ऐकतं आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला सांगतं. सर्व्हर तुमच्या फोनवर सूचना पाठवतो. एवढंच. त्यामुळे पहिली गोष्ट, बाजारातलं कुठलंही मॉड्यूल कुठल्याही पॅनेलला चालत नाही, भाषा जुळावी लागते. पॅनेलच्या झाकणाच्या आत मॉडेल नंबरचं लेबल असतं, त्याचा फोटो काढूनच दुकानात जा. डीएससी किंवा हनीवेलच्या बऱ्याच पॅनेलवर कीपॅडच्याच चार तारांवर मॉड्यूल जोडलं जातं. पॅराडॉक्समध्ये बोर्डावर चार पिनांचा वेगळा सॉकेट असतो, त्यात तयार केबल खोचायची. आणि स्थानिक बनावटीच्या साध्या पॅनेलला यातलं काहीच नसेल, तर सायरनच्या आउटपुटवरून नुसतं 'वाजला' एवढंच कळवणारं यंत्र लावता येतं. कुठला झोन, बॅटरीचं काय, ते कळणार नाही. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण त्यावर घर बंद करून जाऊ नये असं माझं मत.

एक फाटा इथेच मिटवतो. "सिम टाकायचा जुना ऑटो-डायलर स्वस्तात मिळतोय, तो लावू का?" असं बरेच जण विचारतात. त्यातले बरेचसे फक्त टूजीवर चालतात. जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम आज चालेल, पण टूजीवर नवीन पैसे घालावेत अशी वेळ राहिलेली नाही.

आता बसवणं.

मामांचं पॅनेल जिन्याखाली, पत्र्याच्या डब्यात. मॉड्यूल शक्यतो त्याच डब्यात बसवायचं, कारण डब्याला टॅम्पर स्विच असतो, कुणी झाकण उघडलं तरी अलार्म होतो. वेगळं बाहेर भिंतीवर लावलं तर चोराला एक वायर ओढली की काम झालं. पण पत्र्याच्या डब्यात वायफाय मरतं. मॉड्यूल वायफायवालं असेल तर त्याचा अँटेना डब्याबाहेर काढावाच लागतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दोन-दोन फुटी भिंती वायफायला काही दाद देत नाहीत. मी सरळ लॅन केबल टाकली, राउटरपासून पॅनेलपर्यंत १८ मीटर. लॅनची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे घरात प्रश्नच येत नाही. वायफायचा पासवर्ड कुणीतरी बदलला की मॉड्यूल गप्प होतं, केबलला ती भानगड नाही.

बोर्ड डब्यात ठेवताना खाली प्लास्टिकचे स्पेसर लावा. बोर्डाच्या मागे सोल्डरचे टोकदार ठिपके असतात, ते पत्र्याला टेकले की शॉर्ट. दुहेरी चिकटपट्टी लावून भागवणारे खूप पाहिलेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पट्टी सुटते आणि बोर्ड खाली ट्रान्सफॉर्मरवर लोंबकळतो. केबल डब्यात खालून आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून गळून पडतं, डब्यात जात नाही. नेसरी-आजरा-चंदगड पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात जी भिंत ओल धरते तिच्यावर डबा असेल, तर डबा हलवण्याचं काम आधी, मॉड्यूल नंतर. आणि वायर घातल्यावर उरलेली भोकं बंद करा. पाली आणि मुंग्या उबदार बोर्डावर घर करतात.

वायरिंगला हात लावण्याआधी तीन कामं, याच क्रमाने. शेजारपाजारी सांगून ठेवा की आज सायरन वाजेल. मग पॅनेलची मेन लाइन एमसीबीवरून बंद करा. मग आतल्या बॅटरीची एक तार काढा. नुसती मेन बंद केली तर बॅटरीवर पॅनेल जिवंतच असतं, आणि जिवंत पॅनेलवर स्क्रू-ड्रायव्हर घसरला की बोर्ड गेला. डब्यात २३० व्होल्टची बाजूही असते. ती बाजू, अर्थिंग, फ्यूज, हे सगळं गावातल्या वायरमनदादांना करू द्या. त्यांचे पाच-पन्नास वाचवून काही मिळत नाही. बाकीची बाजू साधारण १२ व्होल्टची, ती आपण करू शकतो.

चार तारा. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, आणि पिवळी-हिरवी म्हणजे बोलणं. डीएससीत पिवळी तार घड्याळाचा ठोका देते आणि हिरव्या तारेवरून डेटा जातो. हनीवेलच्या पॅनेलवर पिवळीवरून पॅनेलचं बोलणं बाहेर जातं, हिरवीवरून बाकीच्यांचं आत येतं. सगळ्या उपकरणांची लाल लालला, काळी काळीला, तशीच जोडायची. कीपॅड आधीच त्या टर्मिनलवर असेल, त्याच्याच जोडीला मॉड्यूलची तार. पण केबलच्या रंगावर जाऊ नका, टर्मिनलवर काय छापलंय ते वाचा. गडहिंग्लजच्या दुकानात मिळालेल्या चार कोरच्या केबलमध्ये पिवळी नव्हतीच, पांढरी होती. तेव्हा कुठला रंग कशासाठी वापरला ते डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलं. पाच वर्षांनी डबा उघडणारा माणूस दुवा देईल.

तारा पिळून वर टेप गुंडाळायची नाही. एका टर्मिनलमध्ये दोन तारा नीट बसत नसतील तर दोघींना मिळून एक फेरूल लावा, मग स्क्रू आवळा, मग प्रत्येक तार ओढून बघा. सुटली तर बरंच झालं, आत्ताच सुटली. लाल-काळी उलटी झाली तर मॉड्यूल जळू शकतं, म्हणून ते जोडण्याआधी मल्टीमीटर लावा. मेन चालू असताना त्या दोन टर्मिनलवर १३ ते १४ व्होल्टच्या दरम्यान दिसलं की ठीक. मग पुन्हा सगळं बंद करून जोडणी. आणि डेटाच्या तारा लाइटच्या पाइपमधून नेऊ नका. वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आता बॅटरीचं गणित. मॉड्यूल विकणारा हे सांगत नाही.

पॅनेलमध्ये बहुतेक १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. मामांच्या घरचा हिशोब असा: पॅनेल १०० मिलिअँपिअर, कीपॅड १००, चार सेन्सर प्रत्येकी १५ म्हणजे ६०, एकूण २६०. ७ भागिले ०.२६ म्हणजे कागदावर २६ तासांच्या वर. त्यात मॉड्यूलचे १२० आले की ३८०, आणि २६ चे झाले १८. ही नवी कोरी बॅटरी. तीन वर्षं वापरलेली असेल तर ७० टक्के धरा, म्हणजे १३ तास. पावसाळ्यात एखादं झाड लाइनवर पडलं की दीड दिवस लाइट नाही, हे आपल्याकडे नवीन नाही. म्हणून मॉड्यूलबरोबर बॅटरीही बदलली. डब्यात जागा असेल तर मोठी बॅटरी टाकायचा मोह होतो, पण पॅनेलच्या चार्जरला ती भरण्याची ताकद आहे का ते त्याच्या पुस्तकात बघूनच.

पण मंडळी, बॅटरी १३ तास टिकली तरी खरा खेळ दुसरीकडेच आहे. लाइट गेली, पॅनेल चालू, मॉड्यूल चालू, आणि राउटर? राउटर टीव्हीशेजारच्या साध्या सॉकेटवर. तो त्याच क्षणी गेला. म्हणजे चोराने मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला की हजारो रुपयांची यंत्रणा मुकी. घरात इन्व्हर्टर होता, नेसरीत आता बऱ्याच घरांत असतो, पण त्यावर पंखे आणि दिवे, राउटरचा पॉइंट नाही. वायरमनदादांनी अर्ध्या तासात तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस मिळतो. ३० वॉट-अवरचा यूपीएस आणि ७ वॉट खाणारा राउटर, म्हणजे चारेक तास. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यायची, हे विसरायचं नाही. काही जण अलार्म पॅनेलमधूनच राउटरला १२ व्होल्ट देतात. ते करू नका. पॅनेलच्या त्या टर्मिनलची ताकद मिलिअँपिअरमध्ये मोजतात, राउटर एकटाच ती खाऊन टाकतो आणि वर हिशोबातले १३ तासही जातात.

आपल्या घराच्या पुढेही साखळी आहेच. गावातल्या इंटरनेटवाल्याला जाऊन विचारा, "लाइट गेल्यावर तुमची लाइन किती वेळ चालते?" फायबर स्वतः वीज मागत नाही, पण त्याच्या टोकाला बसलेलं यंत्र मागतं. आमच्याकडे उत्तर मिळालं, "दोन-तीन तास, मग जनरेटरवाला आला तर." म्हणून मामांच्या मॉड्यूलला दुसरी वाट म्हणून फोरजी सिम दिलं. सिम वेगळ्या कंपनीचं, पिन लॉक काढलेलं, आणि त्याच्या रिचार्जची तारीख मामेभावाच्या फोनमध्ये दरवेळी आठवण येईल अशी टाकलेली. रिचार्ज संपलेलं सिम म्हणजे खिशातलं चिल्लर नाणं, दिसतं पण चालत नाही.

सॉफ्टवेअरचं काम त्या मानाने थोडं. राउटरमध्ये मॉड्यूलला एकच आयपी पत्ता कायम राखून द्या. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ 'पोर्ट फॉरवर्डिंग करा' म्हणतात, ते सोडून द्या. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर शेकडो घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, बाहेरून तुमच्या घरात शिरायला दारच नसतं. आणि असतं तरी उघडू नये. मॉड्यूलने आतून सर्व्हरला फोन लावायचा, अशीच रचना घ्या. कोड बदला. अनेक पॅनेलचा मालकाचा मूळ कोड १२३४ असतो आणि बसवणाऱ्याचा मूळ कोड पुस्तिकेत छापलेला, म्हणजे नेटवर कुणालाही मिळणारा. पॅनेल नुसतं भिंतीवर होतं तोवर हे खपून गेलं, नेटवर आल्यावर नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने साठ-एक मूळ युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडवून धरल्या. कुणाच्या घरातला कॅमेरा त्यात होता हे त्या घराला कळलंही नाही.

आता ज्यासाठी हा भाग केला, ती गोष्ट. ॲप उघडलं, 'सर्व ठीक' दिसतंय. ते खरंच ठीक आहे, की मॉड्यूल चार दिवसांपूर्वी मेलंय आणि ॲप शेवटची खबर दाखवतंय? या दोन गोष्टी फोनवर सारख्याच दिसत असतील तर अलार्म नसलेला बरा, कारण मग निदान माणूस कुणाला तरी चावी देऊन जातो. यावर उपाय म्हणजे ठोका. मॉड्यूलने ठरावीक वेळाने सर्व्हरला 'आहे मी' सांगायचं, आणि ठोका चुकला तर सर्व्हरने आपणहून ओरडायचं. चोराची खबर मॉड्यूल देतं, पण मॉड्यूल मेल्याची खबर मॉड्यूल देऊ शकत नाही, ती सर्व्हरनेच द्यायची. विकत घेताना हा एक प्रश्न विचारा: "मॉड्यूल ऑफलाइन गेलं तर फोनवर सूचना येते का, किती वेळात?" दुकानदार गडबडला तर दुसरं मॉडेल बघा. आणि येत असेल तरी ती सूचना चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा, काही ॲपमध्ये ती मुळात बंद असते.

नुसतं बघू नका, मोडून बघा. आम्ही रविवारी दुपारी मामांसमोर हे केलं. (इथे रेकॉर्डिंगमध्ये सायरन आहे, हेडफोनवाल्यांनी आवाज कमी ठेवा.) मागचं दार उघडलं, सायरन वाजला, पुण्यात मामेभावाला सहा सेकंदांत सूचना. मग लॅन केबल उपटली, मॉड्यूल सिमवर गेलं, 'मुख्य नेटवर्क गेलं' असा निरोप. मग सिमही काढलं. आता मॉड्यूल पूर्ण मुकं. सगळे फोनकडे बघत बसलो. चार मिनिटांनी पुण्यात 'सिस्टमशी संपर्क नाही'. शेवटी मेन स्विच खाली, 'लाइट गेली' आलं, राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला. आणि तसंच तीन तास ठेवून चहा घेतला, जेवलो. पाच मिनिटांत घेतलेल्या परीक्षेला काही अर्थ नाही, लाइट पाच मिनिटांसाठी जात नाही.

फोनचीही परीक्षा घ्या. मामेभावाच्या फोनवर पहिल्या दिवशी सूचना रात्री आल्याच नाहीत. बॅटरी सेव्हर ॲपला झोपवत होता. अलार्मच्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, 'व्यत्यय नको' मध्येही वाजायची परवानगी द्या, आणि आवाज व्हॉट्सॲपपेक्षा वेगळा ठेवा. एकाच फोनवर विसंबू नका, निदान दोघांना सूचना गेली पाहिजे. त्यातला एक गावातला असावा.

कारण पुण्यात फोन वाजला म्हणून पुण्याचा माणूस रात्री दोनला नेसरीत पोचत नाही. त्याने ११२ लावायचा, नेसरीच्या पोलीस ठाण्याचा नंबर सेव्ह असलेला बरा. तुमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर तिच्यात नाव नोंदवा. एका माणसाने टोल फ्री नंबरवर निरोप रेकॉर्ड केला की नोंदणी असलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. पण खोटा अलार्म झाला की तिथे लगेच फोन लावू नका, दोनदा गाव उठवलं की तिसऱ्यांदा कुणी उठत नाही. आम्ही नियम असा ठेवला, एक सेन्सर वाजला तर आधी कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या काकांना फोन, ते बॅटरी घेऊन गल्लीतून बघतात. दाराचा मॅग्नेट आणि आतला सेन्सर दोन्ही वाजले तर सरळ ११२. काकांकडे कोड आहे, पण त्यांचा स्वतःचा वेगळा. कुणी, कधी बंद केलं ते ॲपमध्ये नोंदलं जातं, आणि काकांनाही ते माहीत आहे. त्यांनीच म्हटलं, "वेगळाच दे बाबा, उगाच नंतर माझं नाव नको."

वळवाच्या दिवसांत अजून एक काम राहतं, विजेचं. फायबरची काच वीज आत आणत नाही, पण गच्चीवरून किंवा दोन घरांमध्ये उघड्यावर टाकलेली तांब्याची लॅन केबल नक्की आणते. आमची केबल पूर्ण घरातून आहे. बाहेरून न्यावीच लागली तर तो तुकडा फायबरचा करा, किंवा दोन्ही टोकांना अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर लावा. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसती शोभा.

मामीचं ऑपरेशन झालं. आम्ही बोलतोय तेव्हा घर २३ दिवस बंद आहे. या २३ दिवसांत सात वेळा 'लाइट गेली', एकदा 'मुख्य नेटवर्क गेलं' आणि एकदा स्वयंपाकघरातला सेन्सर, पहाटे पाचला. काका बघून आले, दार-खिडक्या ठीक. सेन्सरवर पाल असणार, असा अंदाज. मामा रोज सकाळी चहाबरोबर ॲप उघडतात आणि बॅटरीचा व्होल्टेज मोठ्याने वाचतात. काल १३.६ होता.

पुढच्या भागात वायरलेस सेन्सर. तुमच्या पॅनेलच्या लेबलचा फोटो पाठवा, पण कोड लिहिलेला कागद त्यात येणार नाही एवढं बघा.